नव्या टायरच्या कडा

१

"नवा टायर चुकीच्या गाडीला होता."

एवढंच बोलून भाचा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. आत्यांनी गॅस बंद केला. त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे याच्या वडिलांना, जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता. या घरात सध्या कुणी बोलायला लागलं की हातातलं काम टाकून ऐकावं लागे.

"नीट सांग. कुठल्या गाडीला?"

"चष्मेकाकांच्या. आत्ताच बघून आलो. मी बाबांसाठी आणलेला टायर त्यांच्या गाडीला आहे. म्हणजे त्यांचा जुना बाबांच्या गाडीला गेला. चाकांची अदलाबदल मीच केली गं. माझ्याच हातून बाबा गेले."

भाच्याचं गॅरेज होतं. लहानपणापासून हातात पाना, म्हणून घरात आणि गिऱ्हाइकांत सगळे त्याला पान्याच म्हणत. त्याचे वडील आणि वडिलांचे जुने मित्र, ज्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं ते चष्मेकाका, या दोघांकडे अगदी सारख्या मोटरसायकली होत्या. दोघांनी एकाच दिवशी घेतलेल्या. लांबच्या प्रवासाच्या, वजनाने म्हशीसारख्या, पण वळणात वाकवल्या की तलवारीसारख्या. त्या गाड्यांचं मागचं चाक मोटारीच्या चाकासारखं एका बाजूने निघे. पाच बोल्ट सोडले की झालं. या सोयीचं दोघा मित्रांना भारी कौतुक होतं.

घाटातल्या त्या सहलीच्या आदल्या दिवशी दोन्ही गाड्या पान्याच्या गॅरेजमध्ये होत्या. वडिलांच्या चाकावर त्याने नवा टायर चढवला. काकांचं चाक ब्रेक साफ करायला काढलं होतं. त्यांचा टायर मधोमध झिजून सपाट झालेला बघून पान्या म्हणालाही होता, "काका, हा बदलू या." काकांनी मान हलवली होती. "अरे, कडा बघ, अजून कोऱ्या आहेत. हा हंगाम काढेल तो." दोन्ही चाकं शेजारी शेजारी भिंतीला टेकून उभी होती.

वडील, चष्मेकाका आणि काकांच्या मागे बसलेल्या काकू घाटमाथ्यावर थांबले. तिथून खाली उतरताना पहिल्याच मोठ्या वळणावर, धुक्याने ओल्या झालेल्या रस्त्यावर, वडिलांची गाडी गेली ती कठडा फोडून गेली.

"उद्या सकाळी तपास अधिकाऱ्यांकडे जातो," पान्या म्हणाला. "लिहून देतो, माझी चूक. गॅरेजचं शटर खाली ओढलंय. आता पाना हातात धरायचा नाही."

"तुला आठवतंय? चुकीचं चाक लावल्याचं?"

"नाही ना! मला आठवतंय की बरोबर लावलं. पण टायर समोर दिसतोय आत्या. माझ्या आठवणीला कोण विचारतो?"

आत्या काही वेळ त्या उताण्या हातांकडे बघत राहिल्या. भावाचेच हात होते ते, आखूड बोटांचे.

"उद्या नको जाऊस," त्या म्हणाल्या. "मला एक दिवस दे."

२

आत्या चाळीस वर्षं लोकांचे गुडघे आणि कमरा सरळ करत आल्या होत्या. फिजिओथेरपीच्या त्यांच्या खोलीत पेशंट आला की त्या आधी गुडघा बघत नसत. "बूट काढा आणि उलटे करून दाखवा," म्हणत. टाच कुठे झिजली, अंगठ्याखाली तळवा किती पातळ झाला, त्यावरून माणूस कसा चालतो ते त्यांना कळे. पेशंट खोटं बोलत, दुखत नाही म्हणत, व्यायाम करतो म्हणत. बुटाला तशी सोय नव्हती.

मोटरसायकल मात्र त्यांनी कधी चालवली नाही. नवऱ्याच्या मागे बसून त्यांनी अर्धा संसार केला. हायवेवर टेकून झोपा काढल्या, घाटात त्याच्याबरोबर वाकल्या, एका डोंगरावर गारपिटीत सापडल्या तेव्हा त्याच्या पाठीत तोंड खुपसून हसत राहिल्या. नवरा म्हणायचा, "तू मागे आहेस हे मला वळणात कळतच नाही." इतकी सुंदर गोष्ट त्याने त्यांना दुसरी कुठली सांगितली नव्हती. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून मोटारीतून जाताना वळण आलं की त्यांचा खांदा आपोआप खाली जाई.

थोरली भाची वडिलांच्या खोलीत हेल्मेटं पुसून खोक्यात भरत होती.

"त्याची वकिली करायला आली असशील तर राहू दे," तिने मान वर न करताच सांगितलं.

"वकिली नाही, शंका घेऊन आलेय. तुझ्या बाबांना गाडीचं काय दुखतंय ते गल्लीच्या टोकाला कळायचं. सपाट झालेला टायर मागे असताना ते अख्खा घाट चढून गेले आणि त्यांना पत्ता नाही? पटतं तुला?"

"पत्ता लागला असेल."

"मग परत का नाही फिरले?"

थोरलीने हेल्मेट खाली ठेवलं. तिचा आवाज बदलला. "चष्मेकाका बरोबर होते ना. त्यांच्यासमोर पोराचा पाणउतारा कशाला, संध्याकाळी घरी जाऊन हळूच सांगू, असं म्हणाले असतील. तू ओळखत नाहीस का बाबांना? सगळा जन्म त्यांनी त्याला असंच झाकलं. शेवटी स्वतः झाकले गेले."

 भाऊ खरंच असाच होता. शाळेत असताना पान्याने शेजाऱ्यांची काच फोडली, तर हा स्वतः काच बसवायला गेला होता, गुणगुणत.

त्या जिना उतरून खाली आल्या. आपली शंका आपल्याच भावाच्या स्वभावापुढे टिकत नव्हती.

३

टायरवाल्याने त्यांना बघितलं आणि टायरच्या उतरंडीमागून हात जोडत बाहेर आला.

"ताई, तुम्हीही आलात? सगळं गाव माझ्याकडे बोट दाखवतंय. म्हणे जुना माल नवा म्हणून विकला. अहो, टायरच्या बाजूलाच बनवल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. ते काय मी नखाने खरवडून काढलं?"

"बोट दाखवायला नाही आले. शिकायला आलेय. सपाट झालेला टायर म्हणजे नक्की काय?"

टायरवाल्याला बोलायला कुणीतरी हवंच होतं. त्याने दोन टायर ओढून उभे केले. नव्याची पाठ कलिंगडासारखी गोल होती. जुन्याची मधली पट्टी पाटासारखी.

"हायवेवर सरळ पळवा पळवा पळवा, मधलाच भाग झिजतो. मग इथे, बघा, दोन्ही बाजूंना धारेसारखा उंचवटा तयार होतो. सरळ चालवताना काही जाणवत नाही. पण वळणात गाडी आधी झुकायलाच तयार नसते. हट्ट करते. जोर लावला की या धारेवरून पलीकडे एकदम पडते. जड गाड्यांत तर फारच. मागे माणूस बसलेला असला तर त्याच्या पोटात खड्डाच पडेल."

"आणि कडा?"

"कडेवर टायर फक्त खोल वाकल्यावर टेकतो. तुमचे बंधू नव्या टायरच्या पण दोन्ही कडा पहिल्याच घाटात खरवडून आणायचे, आधी शंभरेक किलोमीटर सबुरीने चालवून मग. आणि चष्मेवाले," तो हसला, मग लगेच गंभीर झाला, "ते आपले सज्जन माणूस. त्यांच्या टायरच्या कडेला कारखान्यातून आलेले रबराचे केस वर्ष वर्ष टिकतात. आम्ही म्हणतो, काका, दाढी करा एकदा टायरची."

आत्या ते बारीक रबरी केस बोटाने चाचपत उभ्या राहिल्या. बुटाच्या तळव्यासारखंच होतं सगळं. वर्षानुवर्षं एकच भाग टेकवून चालणारे पेशंट त्यांना आठवले.

"मला भावाची गाडी बघायचीय," त्या म्हणाल्या.

टायरवाल्याने दुकान कामाच्या पोरांवर न टाकता चक्क बंद केलं आणि त्यांना पोलीस ठाण्यामागच्या आवारात घेऊन गेला. ताडपत्रीखाली गाडी आडवी पडलेली होती. पुढचा भाग बघवत नव्हता. आत्यांनी तिकडे पाहिलंच नाही. त्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. पुसायला रुमाल काढला, मग ठेवून दिला. पुसायचं नव्हतं.

मधली पट्टी सपाट. बाजूंना धार. डावी कड नुकतीच खरवडून काळीभोर, रबराच्या बारीक गोळ्या निघालेली.

"आता उजवी," आत्या म्हणाल्या.

टायरवाल्याने वाकून चाक फिरवलं. उजव्या कडेवर बारीक रबरी केस जसेच्या तसे उभे होते.

"घाट चढताना वळणं कुठल्या बाजूची आहेत?" आत्यांनी विचारलं.

"दोन्ही बाजूंची की. नागमोडी रस्ता आहे."

"आणि माथ्यावरून खाली उतरताना पहिलं मोठं वळण?"

"डावं." एवढं बोलून टायरवाला पुन्हा डावी कड बघायला वाकला.

४

चष्मेकाकांच्या घरी काकू एकट्याच होत्या. दार उघडताच त्या आत्यांच्या गळ्यात पडल्या.  मग चहा झाला आणि सोफ्याच्या टोकावर बसून आत्यांनी कप हातात फिरवत विचारलं,

"अगं, तू पण मागेच बसणारी, मी पण. एक सांग. त्या दिवशी गाडी तुला कशी वाटली?"

काकूंनी डोळे पुसले. "हे कुणी विचारलंच नाही हो ताई. सगळे विचारतात, काय पाहिलंत? मी डोळे मिटूनच बसते घाटात. पण अंगाला कळतंच ना. चढताना भारी भीती वाटली मला. वळणात गाडी अडून बसायची आणि मग धप्पकन कलंडायची. मी दोनदा किंचाळले. यांच्या पाठीत नखं रुतवली. माथ्यावर पोचेपर्यंत मला गरगरायला लागलं, म्हणून विश्रामगृहात जाऊन आडवी पडले. हे दोघं खाली गाड्यांपाशी काहीतरी खुडबुड करत होते."

"आणि उतरताना?"

"उतरताना..." काकू थांबल्या. "पहिल्याच वळणावर ते झालं. मग ॲम्ब्युलन्सच्या मागून आलो. मला काही सुधरत नव्हतं, नुसती रडत होते. पण ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गाडी अगदी शहाण्यासारखी वळत होती. वाटलं, यांनी माझ्यासाठी जपून चालवली."

आत्यांनी कप खाली ठेवला. 

"मला गाडी दाखवतेस?"

गाडी मागच्या शेडमध्ये उभी होती. त्या दिवसानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. सीटवर धूळ बसली होती. आत्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. नवा टायर, गोल पाठीचा. पान्या याच्यावरचा नंबर बघून धाय मोकलून घरी पळाला होता. कडा बघायला तो थांबलाच नव्हता.

उजवी कड टोकापर्यंत खरवडलेली होती. डावी कड, टोकापर्यंत. एक केस उरला नव्हता.

"काय झालं ताई? तुम्ही अशा का बघताय?"

"नवरा दुकानात आहे ना तुझा?" आत्या सरळ उभ्या राहत म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर. हे तू माझ्याकडून ऐकण्यापेक्षा त्याच्या तोंडून ऐकलेलं बरं."

५

दुकानाच्या मागच्या खोलीत डोळे तपासायची खुर्ची होती. समोरच्या पाटीवर वरून खाली बारीक होत जाणारी अक्षरं. चष्मेकाकांनी दोघींना एकत्र येताना पाहिलं आणि हातातली फ्रेम पुसत राहिले, पुसून झालेली.

"बस ताई. नंबर वाढला का?"

"माझा नाही. पान्या उद्या लिहून देतोय की त्याने चाकांची अदलाबदल केली."

"हो, ऐकलं," काका पुटपुटले. "पोरगा आहे. होते चूक. मी तर म्हणालो अधिकाऱ्यांना, गाडी गॅरेजमधून आणली तशी चालवली. मला त्यातलं काय कळतंय?"

"मला कळलंय तेवढं सांगते, चुकलं तर सांग." आत्या खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या. "चाकं गॅरेजमध्ये बदलली असतील, तर सपाट टायर माझ्या भावाखाली अख्खा घाट चढला. मग त्याच्या दोन्ही कडा खरवडायला हव्यात, कारण माझा भाऊ वळण कसं घ्यायचा ते सगळ्यांना माहीत आहे. त्या टायरची उजवी कड कोरी आहे. केस आहेत तिच्यावर. माझ्या भावाने त्या टायरवर आयुष्यात एकच वळण घेतलं, डावं. आणि तुझ्या गाडीचा नवा टायर दोन्ही बाजूंनी टोकापर्यंत खरवडलाय. मागे बायकोला बसवून तू एवढा वाकलास?"

काकांनी फ्रेम उजेडात धरून बघितली.

"तुझी बायको सांगते, चढताना गाडी हट्ट करत होती. म्हणजे सपाट टायर तेव्हा तुझ्याच गाडीला होता. उतरताना शहाणी झाली. पान्याने चाकं बरोबर लावली होती. ती माथ्यावर बदलली. ही आत झोपलेली असताना."

काकू पुढे आल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "खुडबुड करत होतात ना तुम्ही दोघं? मला सांगितलंत, साखळी... नाही, तेल बघतोय म्हणून."

काकांच्या हातातून फ्रेम गळली. त्यांनी ती उचलली नाही. तपासायच्या खुर्चीत तेच बसले, पेशंटसारखे.

"तो मागून बघत होता आम्हाला, चढताना," काका म्हणाले. आवाज इतका बारीक की दोघींना वाकावं लागलं. "वर पोचल्यावर माझ्यावर असा भडकला ताई, असा भडकला! म्हणाला, गाढवा, पोरगा सांगत होता बदल म्हणून, तुझ्या कानात काय बोळे होते? वहिनींना घेऊन तू या टायरवर उतरणार? मी म्हटलं, हळू जातो. तर म्हणाला, वर येतानाही हळूच होतास ना? मग गाडी स्टँडवर घेतली आणि पाना काढला. मी नको नको म्हणत होतो. पाच बोल्ट रे, म्हणाला, पाच मिनिटांचं काम. मला येतो असला टायर चालवता, तुला नाही येत. मी एकटा आहे, तुझ्यामागे माणूस आहे."

"आणि हवा?" आत्यांनी विचारलं. "तुझ्या चाकात दोघांच्या वजनाची हवा होती. तो एकटा."

"ते दोघांच्याही लक्षात आलं नाही." काकांनी तोंडावर हात घेतला. "टणक झालेला टायर, ओला रस्ता. तो पुढे निघाला. हात वर करून निघाला."

"मग हे सांगितलं का नाहीत तुम्ही?" काकू ओरडल्या. "तो पोरगा स्वतःला जाळतोय तिकडे!"

"सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात तो शेडमध्ये आला, टायर बघितला, आणि माझे पाय धरून म्हणाला, काका, माझी चूक झाली, मला माफ करा." काका लहान पोरासारखे रडायला लागले. "आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला ताई. म्हटलं, होतं असं."

 आत्यांना वाटलं होतं आपल्याला संताप येईल. आला, पण तो उभा राहण्याइतका मोठा नव्हता. समोरचा म्हातारा त्यांच्या भावाबरोबर शाळेत एका बाकावर बसायचा, त्यांच्या घरी जेवून जायचा, त्याच्या सदऱ्याचं बटण त्यांनीच लावून दिलं होतं कधीतरी.

"माझ्या भावाचं मरण तुझ्यावर टाकत नाही," त्या म्हणाल्या. "चाक त्याने स्वतः बदललं. पण त्याच्या पोराचे हात तू काढून घेतलेस. ते परत दे. आज, आत्ता. आधी अधिकाऱ्यांकडे चल, मग त्याच्याकडे."

काका उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "अजून एक गोष्ट तो बोलला होता. ती मी कुणालाच सांगितली नाही. ती पोराला सांगायची आहे."

६

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, कारण थोरलीनेच ते वर ढकललं होतं. आत्यांनी फोनवर सगळं सांगितल्यावर ती धावत आली होती, आणि आता भावापासून दोन हात लांब, ऑइलच्या डब्यावर बसून होती.  मध्येच म्हणाली, "किती घाण करून ठेवलंयस रे," आणि फडकं उचलून काहीतरी पुसू लागली.

चष्मेकाका आत आले. जबाब लिहून देऊन आले होते.  त्यांनी पान्याच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. पान्या ऐकत होता. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बोल्ट घट्ट करून झाल्यावर," काका शेवटी म्हणाले, "मी त्याला विचारलं, अरे नवा टायर आहे, घसरणार तर नाही ना? ही मागे असते, मला धाकधूक वाटते. तर तुझे बाबा हसले. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, पान्याने चढवलाय. डोळे मिटून बस."

पान्याने मान फिरवली. भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला, आणि थोरली फडकं टाकून उठली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून शेजारी उभी राहिली. आत्यांनी तिकडे बघायचं टाळलं. अशा वेळी माणसांना बघू नये, असं त्यांना वाटे.

काकांची गाडी टायरवाला स्वतः ढकलत घेऊन आला होता. ती दारात उभी होती.

"हे चाक तुझ्या बाबांचं आहे," काका म्हणाले. "काढून घे. मी परत गाडीवर बसणार नाही."

पान्या गाडीपाशी गेला. खाली बसला.  मग त्याने अंगठा टायरच्या मध्यावर ठेवला आणि हळूहळू बाहेर नेला, गोल पाठीवरून उतारावर, उतारावरून कडेकडे. जिथे रबर खरवडून मऊ झालं होतं तिथे अंगठा थांबला. अगदी टोकाला. त्याच्या पुढे टायर उरलाच नव्हता.

"आत्या," तो म्हणाला, "नव्या टायरवर माणूस इतका वाकत नाही गं. पूर्ण विश्वास बसल्याशिवाय नाही वाकत."

"मला माहीत आहे रे," आत्या म्हणाल्या.

त्याने मागे न बघता हात लांब केला. थोरलीने भिंतीवरचा पाना काढला आणि त्या हातात दिला.